हरवलेल्या दोन रेषा

बायको दारात उभी राहून गळ्याभोवती मफलर गुंडाळत होती. त्यासाठी तिने उजवा हात वर केला आणि मास्तरांचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. तिच्या करड्या चौकडीच्या कोटाला खिशापासून काखेखालच्या शिवणीपर्यंत तीन बारीक तांबड्या रेषा होत्या. होत्या म्हणजे असायलाच हव्या होत्या, कारण नऊ वर्षांपूर्वी ते कापड मास्तरांनी स्वतः बेतलं होतं, आणि पुढच्या पाखाची चौकडी मागच्या पाखाच्या चौकडीला नीट मिळावी यासाठी अख्खी दुपार टेबलावर ओणवं राहून घालवली होती. तीन रेषा. आणि आता तिथे एक होती. हात खाली आला, कोटाची बाही बाजूला पडली, सगळं झाकलं गेलं. बायकोने विचारलं, "अहो, असे काय बघताय?" मास्तर म्हणाले, "काही नाही. कुठे निघालीस?" ती म्हणाली, "आज गुरुवार ना. वाचनालय." दार लागलं. जिन्यावर तिची पावलं वाजत गेली, मधल्या मजल्यावर थोडी थांबली, मग पुन्हा वाजली. मास्तरांनी चहा खाली ठेवला तो तसाच राहिला, त्यावर साय धरली.

कापडावरच्या रेषा काही उडून जात नाहीत. धुऊन पुसट होतील, कसर लागून तुटतील, पण दोन अख्ख्या रेषा नाहीशा व्हायच्या तर त्याला एकच वाट, त्या शिवणीच्या आत जायला हव्यात. म्हणजे कोट बाजूने आत घेतलाय. आणि तो मास्तरांनी घेतलेला नाही. चाळीस वर्षं ज्याच्या हाताखालून गावाचे कोट गेले, त्या माणसाच्या बायकोचा कोट दुसऱ्या कुणीतरी उसवला होता, आत घेतला होता, पुन्हा शिवला होता, आणि ती तो अंगावर घालून खुशाल त्याच्या नाकासमोरून वाचनालयात चालली होती! एखाद्याची बायको परपुरुषाबरोबर फिरायला जाताना दिसली तर त्याला काय वाटेल ते मास्तरांना ठाऊक नव्हतं, तशी वेळ त्यांच्यावर आली नव्हती. पण त्याहून फार वेगळं काही वाटत असेल असं त्यांना त्या सकाळी वाटलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुकान घराच्या खालच्याच मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. तिथे काजं-बटणं करणाऱ्या मावशी आधीच येऊन खिडकीपाशी बसल्या होत्या. वीस वर्षं त्या त्याच स्टुलावर बसून काजं करत होत्या आणि वीस वर्षं मास्तरांच्या चेहऱ्यावरून दिवसाचं हवामान सांगत होत्या. "आज ढग दिसतायत," त्या म्हणाल्या. मास्तरांनी गळ्यात टेप अडकवला आणि मापांची वही उघडली. वहीत पहिल्याच पानावर बायकोचं माप होतं. छाती चाळीस, कंबर छत्तीस, बाही साडेबावीस. लग्नानंतर दहाएक वर्षांनी घेतलेलं ते माप, मग कधी घ्यावंच लागलं नाही. घरच्या माणसाला काय टेप लावायचा? या वहीत गिऱ्हाइकांची मापं दर वेळी नवी लिहिली जात, जुन्यावर काट मारली जाई, पण पहिल्या पानाला कधी पेन लागलं नव्हतं. शिवाय मास्तर प्रत्येक कोटाच्या बाजूच्या शिवणीत दीड इंच कापड जादा सोडत. माणूस सुटतो, हे त्यांचं चाळीस वर्षांचं ज्ञान. नवरदेव होऊन येतो तेव्हा काडी असतो, दोन मुलं झाली की भोपळा. मग तोच कोट उसवायचा, आतलं कापड बाहेर काढायचं, गिऱ्हाईक खूश. आत घ्यायची पाळी क्वचितच, आणि घरात तर कधीच नाही. मग कशाला घेतला? फॅशन म्हणून? या वयात अंगाबरोबर कोट हवा झाला? कुणाला दाखवायला? शंकेची पाल एकदा चुकचुकली की थांबत नाही. मास्तरांनी एका गिऱ्हाइकाच्या पँटीला खडूने दोनदा चुकीची खूण केली आणि मावशींनी सुई दातात धरून हसू दाबलं.

त्या आठवड्यात मास्तरांनी डोळ्यांत तेल घालून बायकोकडे पाहिलं. बायकोकडे म्हणजे तिच्या कपड्यांकडे. आणि जिकडेतिकडे तेच दिसायला लागलं. घरातल्या निळ्या झग्याच्या पाठीत दोन नव्या टिपा. लोकरी जाकिटाची बाही मुंढ्यातून काढून पुन्हा लावलेली. एवढंच नव्हे, इतक्या सफाईने लावलेली की आपण शोधायला बसलो नसतो तर दहा वर्षांत कळलं नसतं, हे मास्तरांना कबूल करावं लागलं आणि त्याने ते जास्तच भडकले. घरातल्या दोऱ्यांच्या डब्यातून करड्या रंगाचं रीळ गायब होतं. तिने हल्ली कपडे बदलताना दाराला आतून कडी लावायला सुरुवात केली होती. पस्तीस वर्षांच्या संसारात कडी! ती फोनवर बोलत असली आणि ते आले की "बरं, ठेवते" म्हणून थांबत असे. जेवताना तिच्या ताटात थोडंच असे, आणि विचारलं तर "दुपारी मैत्रिणीकडे खाल्लं" हे उत्तर. कुठली मैत्रीण? शाळेच्या कचेरीत ती तीस वर्षं कारकून होती, तिथल्या सगळ्या बायका मास्तरांना माहीत होत्या, त्यांतल्या निम्म्यांचे कोट त्यांनीच शिवले होते. त्यांनी शनिवारी सहज म्हणून जाळं टाकलं. "तुझ्या कोटाचं वरचं बटण सैल झालंय बघ. दे, लावून देतो." ती पटकन म्हणाली, "राहू द्या, मी लावीन." मास्तरांना वाटलं, घ्या! शिंप्याची बायको स्वतः बटण लावणार. आजवर हिने दोऱ्याला गाठसुद्धा कधी मारली नव्हती. "तू लावणार?" त्यांनी विचारलं. ती हसली, पण हसताना तिने कोटाच्या दोन्ही कडा पोटापाशी घट्ट धरल्या. "का, मला हात नाहीत?"

चौकात दोन वर्षांपूर्वी एक दुकान झालं होतं, नुसती काच आणि दिवे. त्याचा मालक स्वतःला शिंपी म्हणवून घेत नसे. मास्तरांचा पहिला संशय तिथेच गेला. ते आजवर त्या दुकानाच्या पायरीवर चढले नव्हते, शनिवारी संध्याकाळी चढले. आत टांगलेल्या कोटांच्या बाह्या त्यांनी एकेक उलटून पाहिल्या, अस्तराची कड नखाने उचकटून पाहिली. टाके लांब, ढिले, घाईचे. खांद्यात कापूस कोंबलेला. तो मालक जवळ येऊन गोड आवाजात म्हणाला, "काय काका, फिटिंग करून हवंय का?" काका! साऱ्या बाजारात ज्यांना मास्तर सोडून दुसरं कुणी काही म्हणत नाही, त्यांना काका. "तुमच्याकडून?" मास्तर म्हणाले, "तुम्ही आधी तुमच्या बाह्या सरळ करा." आणि तरातरा बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर मात्र राग ओसरला. या माणसाला ती बाही सात जन्मात जमली नसती. म्हणजे जो कुणी होता तो कसबी होता. कोट अंगावर चढवून, समोर बसून, मापात जीव ओतून त्याने काम केलं होतं. बायको त्याच्यासमोर हात पसरून उभी राहिली असणार. एकदा नाही, अनेकदा. हा विचार सुईसारखा रुतून बसला आणि रात्रभर कूस बदलली तरी निघाला नाही.

रविवारी दुपारी बायको झोपली होती. हल्ली ती फार झोपे, भर दुपारी, भांडी तशीच टाकून. मास्तरांना यातही काहीतरी काळंबेरं वाटत होतं, आपल्याशी बोलायला नको म्हणून डोळे मिटून पडते असा त्यांचा हिशेब. त्यांनी दाराआडच्या खुंटीवरचा कोट काढला, खिडकीपाशी नेला, मांडीवर उलटा घातला. चोरासारखं वाटलं. आपणच शिवलेला कोट, आपल्याच घरात, आणि कान मात्र आतल्या खोलीकडे. ब्लेडने अस्तराच्या खालच्या कडेचे टाके त्यांनी एकेक करून तोडले. हात सराईत होता, मन मात्र प्रत्येक टाक्याला म्हणत होतं की अजून वेळ गेलेली नाही, परत टांगून ठेव. त्यांनी ठेवला नाही. अस्तर बाजूला केलं, आणि तुरपाई उजेडात आली.

टाके उलटे झुकलेले होते.

उजव्या हाताने तुरपाई घातली की टाका एका बाजूला कलतो, जगातल्या बहुतेक शिंप्यांचा तसाच कलतो. हे टाके दुसऱ्या बाजूला कललेले होते, बारीक, एकसारखे, न चुकता. मास्तरांच्या मांडीवर कोट जड झाला. असा टाका त्यांनी आयुष्यात एकाच माणसाचा पाहिला होता, आणि तो मोडण्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. त्यांचा मुलगा सात-आठ वर्षांचा असताना डाव्या हातात सुई धरायचा. मास्तरांनी त्याचा डावा हात टेपने खुर्चीच्या दांड्याला बांधून त्याला उजव्याने शिवायला लावलं होतं. पोर मुसमुसत शिवायचं, बायको स्वयंपाकघरातून मुकाट्याने पाहायची. पुढे तो मोठा झाला, दुकानात बसला, बापासमोर उजवा हात वापरायचा आणि बापाची पाठ फिरली की डावा. सहा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला त्याने बाही लावली. गिऱ्हाईक तो अंगावर घालत असताना मास्तरांना आतला टाका दिसला आणि गिऱ्हाइकादेखत, आरशासमोर, त्या माणसाच्या अंगावरच त्यांनी टर्रकन बाही उसवली. "माझ्या दुकानातून डावरं काम बाहेर जायचं नाही!"  मुलाने कात्री टेबलावर ठेवली, हलकेच, आवाज न करता, आणि पायऱ्या उतरून गेला. नंतर तो मोठ्या बाजारात सरकत्या जिन्याखालच्या टीचभर गाळ्यात कपडे लहानमोठे करून देतो असं कानावर आलं होतं. मास्तरांनी त्या बाजारातून जाणं सोडलं. घरात त्याचं नाव निघेनासं झालं. निदान मास्तरांसमोर तरी.

म्हणजे ही जाते ती त्याच्याकडे. सहा वर्षं! मायलेकांनी मिळून आपल्याला वेड्यात काढलं. आपण जेवायला बसायचो तेव्हा हिच्या अंगावर त्याची शिलाई असायची.  राग होता, पण त्याच्या बुडाशी एक फार लाजिरवाणी गोष्ट होती. त्यांनी बाहीत हात घातला, मुंढ्यावरून बोट फिरवलं, आणि हीही बाही त्याने काढून पुन्हा लावली होती, त्यांच्यापेक्षा चांगली. कुठे चुणी नाही, ओढ नाही. आपण कापलेल्या मुंढ्यात आपल्या बाहीपेक्षा त्याची बाही जास्त शहाणी बसली होती. हे कुणाला सांगणार?

मग त्यांनी सवयीने शिवण मोजली. सवयीनेच, दुसरा काही हेतू नव्हता. शिवणीच्या आत जुन्या टिपांच्या भोकांच्या ओळी दिसत होत्या. एक त्यांची स्वतःची, मूळची. तिच्यापासून अर्ध्या इंचावर एक. तिच्यापुढे अर्ध्या इंचावर आणखी एक. आणि तिच्यापुढे अर्धा इंच सोडून सध्याची शिवण. म्हणजे कोट एकदा नाही, तीनदा आत घेतला होता. अर्धा इंच, पुढचं आणि मागचं पाख मिळून एक. दोन बाजू, दोन. तीन वेळा, सहा. मास्तरांनी पुन्हा मोजलं. सहा इंच. चाळीसची छाती चौतीस झाली होती. गुरुवारपासून ते टाका कुणाचा हे शोधत होते, त्यांनी शिलाई पाहिली, दोरा पाहिला, रेषा मोजल्या, आणि कोटाच्या आतलं माणूस कुठे चाललंय हे एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. मधल्या मजल्यावर थांबणारी पावलं. ताटातलं थोडं. कडी. भर दुपारची झोप.  कपडे ढगळ दिसले असते तर त्यांनी पहिल्या दिवशी ओळखलं असतं, रस्त्यातल्या अनोळखी माणसाचं वजन उतरलेलं त्यांना कळतं. म्हणून तर कपडे ढगळ दिसू दिले नव्हते. दर वेळी ती थोडी उतरली की कोट तिच्यामागून उतरत गेला होता, इतका बरोबर, इतका न चुकता, की घरातला शिंपी फसला.

"उसवलात?"

बायको आतल्या दारात उभी होती. अंगावर नुसता रात्रीचा पातळ झगा, खांद्यांची हाडं वर आलेली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, किती दिवसांनी कोण जाणे, कापडाकडे न पाहता पाहिलं.

"काय झालंय तुला?"

"ते तुम्ही आज विचारताय." आवाजात राग नव्हता. ती येऊन समोरच्या खुर्चीवर बसली, हळू, दोन्ही हात टेकून. "मागच्या हिवाळ्यापासून आहे. पोटात. दर गुरुवारी सलाईन लावतात, चार तास. तो बसतो शेजारी, गाळा बंद ठेवून."

"त्याला सांगितलंस. मला नाही."

"मी त्यालाही नव्हतं सांगितलं हो. जाकिटाची बाही लांब होते म्हणून गेले होते त्याच्याकडे. त्याने टेप लावला आणि तसाच थांबला. म्हणाला, आई, हे काय? मला तरी कुठे कळलं होतं तोवर. त्यानेच ओढत नेलं डॉक्टरकडे."

"अगं, मग नंतर तरी..."

"नंतर कसं सांगू? हे सांगायचं तर ते सांगावं लागणार. मी त्याच्याकडे जाते म्हटलं की तुम्ही आधी काय विचारलं असतंत?" ती त्यांच्या मांडीवरच्या कोटाकडे बघत होती. "टाका कुणाचा, हेच ना? तेच तर विचारायला बसलात ब्लेड घेऊन."

मास्तरांनी ब्लेड बाजूला ठेवलं. त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?" ती म्हणाली, "म्हणतात, बघू."  खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मास्तर उठले, खुंटीवरचा टेप काढला, तिच्यासमोर येऊन उभे राहिले. निदान एवढं तरी त्यांना येत होतं. "उभी राहतेस? माप घेतो." बायकोने मान हलवली. "नका घेऊ. त्याच्याकडे सगळी आहेत लिहिलेली. दर महिन्याची." टेप मास्तरांच्या हातातून खाली लोंबत राहिला, आणि त्यांना पहिल्या पानावरचं छाती चाळीस आठवलं. वहीत ती तिथे तशीच ठणठणीत बसली होती, आणि आपण पंचवीस वर्षं त्याच बाईशी बोलत होतो.

गुरुवारपर्यंत तो कोट तसाच उसवलेला राहिला. मास्तरांनी तीनदा सुईत दोरा ओवला आणि तीनदा काढून ठेवला. आपल्या उजव्या टाक्याने त्या शिवणीला हात लावायची हिंमत होईना. मावशींनी खुर्चीवरचा कोट पाहिला आणि पहिल्यांदाच हवामानाचं काही बोलल्या नाहीत. नंतर खाली मान घालूनच म्हणाल्या, "पोराचा हात तुमच्यासारखाच आहे, मास्तर. फक्त आरशातला." म्हणजे यांनाही ठाऊक होतं! साऱ्या बाजाराला ठाऊक असेल. चार दिवसांपूर्वी या एका वाक्यावरून मास्तरांनी मावशींशी बोलणं टाकलं असतं.

गुरुवारी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. बायकोच्या अंगावर स्वतःचा जाड कोट चढवला, तो तिच्या गुडघ्यांखाली गेला, आणि तिचा कोट हातावर टाकून तिच्याबरोबर निघाले. बसमध्ये ती खिडकीशी बसली. "रागावू नका त्याला," ती म्हणाली. "मी का रागावू," मास्तर म्हणाले, पण बाजार जवळ आला तसे कान तापायला लागले. अजूनही मनात एक कोपरा होता, तो म्हणत होता की दोघांनी आधीच ठरवून ठेवलं असेल, तो आपल्याला बघून हसेल, किंवा शेजारच्या गाळेवाल्यांसमोर सहा वर्षांचं उट्टं काढेल. आपण केलं होतं तसं. गिऱ्हाइकादेखत. त्याने तसं केलं तर ऐकून घ्यायचं, एवढंच त्यांनी कसंबसं ठरवलं.

सरकता जिना डोक्यावर घरघरत होता. गाळा खरंच टीचभर, एक मशीन, एक खुर्ची, एक स्टूल, एक आरसा. मुलगा खाली मान घालून कुणाच्यातरी झग्याला कड मारत होता, डाव्या हाताने, झरझर. त्याच्या कानशिलावर केस पिकले होते. त्याने वर पाहिलं, आधी आईकडे, तिच्या अंगावरच्या त्या भल्यामोठ्या कोटाकडे, आणि मग बापाकडे. उठून त्याने स्टूल आईपुढे सरकवलं. "बस, आई." तिला बसवल्यावर तो तसाच उभा राहिला. हसला नाही. मास्तरांनी कोट मशीनवर ठेवला आणि अस्तर बाजूला करून उसवलेली बाजू दाखवली. मुलाने पाहिलं. ब्लेडचा सफाईदार काप कुणाचा ते त्याला सांगावं लागलं नाही.

"मी उसवलं," मास्तर म्हणाले. "मला... मला परत घालता येईना."

"द्या. पाच मिनिटांचं काम आहे. बारा वाजता पोचायचंय तिथे." त्याने फळीवरून करडं रीळ काढलं, घरातलंच ते. शेजारी एक पातळ वही होती, तिच्यावर नुसतं 'आई' लिहिलेलं. सुईत दोरा ओवून तो खुर्चीवर बसला, त्याने कोट गुडघ्यावर घेतला, सुई डाव्या चिमटीत धरली, आणि मग त्याची नजर बापाच्या बुटांवर गेली. सहा वर्षं गेली होती, केस पिकले होते, गाळा स्वतःचा होता, तरी त्याने सुई गुपचूप उजव्या हातात घेतली. पहिला टाका घातला. तो वेडावाकडा पडला. त्याने तो काढला, पुन्हा घातला. डावा हात खुर्चीच्या दांड्यापाशी जाऊन पडला होता, जसा कुणी बांधून ठेवावा.

 मास्तर खाली वाकले, मुलाच्या बोटांतली सुई काढून घेतली आणि त्याच्या दुसऱ्या हातात दिली.

"डाव्यानेच घाल रे," ते म्हणाले. "चांगला पडतो तुझा. लवकर घाल, तिला थंडी वाजतेय."